दोन मोनोब्लॉक की एक स्टिरिओ पॉवर ॲम्प? आधी खोली आणि घरची वीज तपासा

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरला सुदामा नगरात तळमजल्यावर १४ बाय १८ फुटांचा हॉल आहे. खाली कोटा फरशी, भिंती प्लास्टरच्या. टॉवर स्पीकर ८७ डेसिबल संवेदनशीलतेचे (ठरावीक विजेला स्पीकर किती मोठा वाजतो त्याचं माप), कागदावर ६ ओहम रोधाचे, पण काही ठिकाणी ३.४ ओहमपर्यंत उतरणारे. बसायची जागा स्पीकरपासून १० फुटांवर. सध्या ५० वॉटचा इंटिग्रेटेड ॲम्प आहे (व्हॉल्यूम सांभाळणारा प्री आणि स्पीकर चालवणारा पॉवर ॲम्प एकाच पेटीत) आणि त्याला प्री-आउट, म्हणजे बाहेरच्या पॉवर ॲम्पला सिग्नल द्यायची जागा, आहे. ऐकणं मुख्यतः ख्याल, नाट्यपदं आणि जुनी चित्रपटगीतं. तक्रार एकच: आवाज वाढवला की द्रुत बंदिशीत तबला कडक होतो, कानाला टोचतो. दुकानदार म्हणतो, दोन मोनोब्लॉक घ्या. तेवढ्याच पैशांत एक भक्कम स्टिरिओ पॉवर ॲम्पही येतो. काय घ्यावं, आणि जुन्या इंटिग्रेटेडचं काय करावं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. या खोलीत, या स्पीकरांना एक चांगला स्टिरिओ पॉवर ॲम्प पुरेसा आहे. पण तोही खाली दिलेल्या दोन तपासण्या केल्याशिवाय घेऊ नका. तबला कडक होण्यामागे ॲम्प असेलच असं नाही, आणि खोलीचा दोष असेल तर दोन मोनोब्लॉकच काय, चार आणले तरी तो तसाच राहील.

शब्दाचा घोळ आधी दूर करू. मोनोब्लॉक म्हणजे एका पेटीत एकच चॅनेल. डाव्या स्पीकरला एक पेटी, उजव्याला दुसरी. मोनो ध्वनिमुद्रणाशी त्याचा आज काही संबंध नाही, पण मूळ तिथलंच आहे. १९५३ चा क्वाड टू हा १५ वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प एकाच चॅनेलचा होता, कारण तेव्हा घरात स्पीकरच एक असे. १९५८ पासून स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि लोकांनी शेजारी तसाच दुसरा ठेवला. पुढे दोन्ही चॅनेल एका पेटीत आले ते पैसे आणि जागा वाचवायला. म्हणजे मोनोब्लॉक ही वरची पायरी आणि स्टिरिओ ही खालची, असं समजण्याचं कारण नाही. दोन्ही त्याच कामाच्या वेगवेगळ्या मांडण्या आहेत.

आता वॉटचा हिशोब. तो कागदावर मांडल्याशिवाय दुकानात पाऊल ठेवू नये.

८७ डेसिबल हा आकडा २.८३ व्होल्ट आणि १ मीटर अंतरावरचा असतो. २.८३ व्होल्ट ८ ओहमवर १ वॉट होतात, ४ ओहमवर मात्र २ वॉट. त्यामुळे कमी ओहमचा स्पीकर कागदावर दिसतो त्यापेक्षा थोडा जास्तच खातो. १० फूट म्हणजे ३ मीटर. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतरावर साडेनऊ डेसिबल कमी झाले असते. खोलीत भिंती आवाज परत देतात, म्हणून ५-६ डेसिबलच धरायचे. दोन स्पीकर मिळून ३ डेसिबल परत मिळतात. म्हणजे प्रत्येक चॅनेलला १ वॉट दिला तर तुमच्या खुर्चीत साधारण ८४ डेसिबल पोचतात. १० पट वॉट दिले की १० डेसिबल वाढतात, दुप्पट दिले की फक्त ३. तेव्हा ५० वॉटला १०१, १०० वॉटला १०४, २०० वॉटला १०७.

घरात मन लावून ऐकताना सरासरी आवाज ७५ ते ७८ डेसिबल असतो. तबल्याच्या चाटेवरचा ना किंवा पखवाजाची थाप सरासरीच्या वर १८-२० डेसिबल उसळी घेते. म्हणजे ९८ डेसिबलची गरज, आणि त्याला २५ वॉट पुरतात. दुकानदार ३०० वॉटच्या मोनोब्लॉकची गोष्ट करतो तेव्हा हा आकडा समोर ठेवा.

मग ५० वॉटचा ॲम्प कमी का पडतो? पडत असेल तर वॉटमध्ये नाही, अँपिअरमध्ये. ५० वॉट ८ ओहमवर म्हणजे २० व्होल्ट. हेच २० व्होल्ट ३.४ ओहमवर गेले की जवळजवळ ६ अँपिअर लागतात, आणि लाटेच्या टोकाला सव्वाआठ. छोट्या इंटिग्रेटेडचा ट्रान्सफॉर्मर आणि फिल्टर कपॅसिटर एवढा प्रवाह दोन्ही चॅनेलला एकदम देऊ शकत नाहीत. आतला व्होल्टेज बसतो, लाटेची टोकं कापली जातात, आणि कापलेल्या टोकाचा आवाज नेमका तसाच असतो जसं वर्णन केलं आहे: कडक आणि टोचणारा. म्हणून पॉवर ॲम्पच्या माहितीपत्रकात ८ ओहमच्या शेजारचा ४ ओहमचा आकडा वाचायचा, आणि तो दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालवून, २० ते २०,००० हर्ट्झवर मोजलेला आहे का ते बघायचं. ८ ओहमवर १०० आणि ४ वर १८० असेल तर वीजपुरवठा दमदार. १०० आणि १२० असेल तर तो ॲम्प तुमच्या स्पीकरांसाठी नाही. मग तो स्टिरिओ असो की मोनोब्लॉक. ४ ओहमचा आकडा दिलेलाच नसेल तर तेही एक उत्तरच समजा.

आता त्या दोन तपासण्या. खर्च शून्य, वेळ एक संध्याकाळ.

पहिली. जो ठेका टोचतो तोच तुकडा निवडा आणि व्हॉल्यूमची खूण नीट लक्षात ठेवा. ॲम्प बंद करून एका स्पीकरच्या तारा ॲम्पकडून काढा. तारांची टोकं एकमेकांना लागणार नाहीत अशी टेपने बांधा, मग त्याच खुणेवर तोच तुकडा एकाच स्पीकरवर ऐका. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला एक बाजू रिकामी राहिली तर चालतं. व्हॉल्व्हच्या ॲम्पला हे कधीही करू नका, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. चालू चॅनेलवर व्होल्टेज पूर्वीइतकाच आहे, फक्त सामाईक वीजपुरवठ्यावरचा भार अर्धा झाला आहे. तबला आता मोकळा, स्वच्छ लागला तर संशय वीजपुरवठ्यावर. तसाच टोचला तर ॲम्पला सध्या दोष देऊ नका.

पण एक स्पीकर बंद केल्याने खोलीतला एकूण आवाजही ३ डेसिबल कमी होतो, त्यामुळे ही तपासणी एकटी पुरेशी नाही. म्हणून दुसरी. दोन्ही स्पीकर जोडा. खुर्ची आणि स्पीकर यांच्यामधल्या फरशीवर जाड सतरंजी किंवा गालिचा घाला. दोन्ही बाजूच्या भिंतींवर, स्पीकर आणि खुर्ची यांच्या साधारण मध्यावर, दोन रजया टांगा. नेमकी जागा शोधायची तर कुणाला तरी भिंतीला चिकटवून आरसा सरकवायला सांगा. खुर्चीतून आरशात स्पीकर जिथे दिसतो तिथे रजई. आता तोच तुकडा, तोच व्हॉल्यूम. कोटा फरशी आणि प्लास्टर या दोन्ही गोष्टी वरचे स्वर जवळजवळ जसेच्या तसे परत फेकतात. तबल्याच्या किनारीचा आवाज स्पीकरमधून एकदा आणि फरशी-भिंतींवरून पुन्हा चार-पाचदा कानावर येतो, काही हजारांश सेकंदांच्या फरकाने, आणि कानाला ते सगळं मिळून एकच कडक टोला वाटतो. आपल्याकडच्या हॉलमध्ये निम्म्याहून जास्त कडकपणा इथूनच येतो असं माझं ठाम मत आहे. रजयांनी फरक पडला तर पॉवर ॲम्पच्या पैशातले काही गालिचा आणि जाड पडद्यांवर घाला. ते पैसे वाया जाणार नाहीत.

समजा दोन्ही तपासण्यांनंतर बोट ॲम्पकडेच वळलं. मग मोनोब्लॉकच्या बाजूने जे सांगितलं जातं ते एकेक करून पाहू.

सर्वांत जास्त ऐकू येणारा मुद्दा चॅनेल वेगळे राहण्याचा. डाव्याचं उजव्यात गळत नाही, म्हणून गायक आणि साथीदार वेगवेगळे दिसतात, असं म्हणतात. साध्या चांगल्या स्टिरिओ ॲम्पमध्येही ही गळती ६० ते ८० डेसिबल खाली असते. तबकडीची पिन स्वतःच जेमतेम २५-३० डेसिबल वेगळेपण देते. आणि खोलीत डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानाला जातोच, त्याला कुठलाही ॲम्प थांबवत नाही. या कारणासाठी मोनोब्लॉक घेऊ नका.

दुसरा मुद्दा खरा आहे: प्रत्येक चॅनेलला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर. एका बाजूने प्रवाह ओढला तर दुसरीचा व्होल्टेज हलत नाही. पण याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. ४०० व्हीएचे (व्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं माप) दोन ट्रान्सफॉर्मर दोन पेट्यांत असले तर प्रत्येक चॅनेलला ४०० च मिळतात. ८०० व्हीएचा एकच ट्रान्सफॉर्मर दोघांत असला तर ज्या बाजूला त्या क्षणी गरज आहे तिला जास्त घेता येतं. आपल्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणात तबला बहुधा एका बाजूला आणि पेटी किंवा सारंगी दुसऱ्या बाजूला ठेवलेली असते. थाप पडते तेव्हा प्रवाहाची मागणी एकाच चॅनेलवर येते. अशा संगीताला मोठा सामाईक पुरवठा उलट सोयीचाच पडतो. मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकणाऱ्याचं गणित वेगळं, तिथे खर्जाची वाद्यं दोन्ही बाजूंनी एकदम ओढतात. ज्यांना एकाच पेटीत दोन वेगळे ट्रान्सफॉर्मर हवेत त्यांच्यासाठी ड्युअल मोनो बांधणीचे स्टिरिओ ॲम्पही मिळतात. मोनोब्लॉकचा बहुतेक विद्युत फायदा त्यात येतो आणि पेटी एकच राहते.

इथे एक सावधगिरी. हल्ली क्लास डीचे (ट्रान्झिस्टर अतिवेगाने चालू-बंद करून कमी उष्णतेत चालणारे) हातात मावणारे मोनोब्लॉक स्वस्तात मिळतात. त्यांतल्या पुष्कळांत टीपीए३२५५ ही चिप असते. ती मुळात स्टिरिओ चालवता येते किंवा तिचे दोन भाग समांतर जोडून मोनो. ती चांगली चिप आहे, पण खरी ताकद बाहेरच्या ४८ व्होल्टच्या अडॅप्टरमध्ये असते. ५ अँपिअरचा अडॅप्टर म्हणजे २४० वॉट, त्यावर ३०० वॉटचा आकडा छापला तरी सतत तेवढे मिळणार नाहीत. आणि पैसे वाचवायला दोन मोनोब्लॉक एकाच अडॅप्टरवर चालवले की वेगळ्या पुरवठ्याचा मुद्दाच संपला.

तिसरा मुद्दा, पेटी स्पीकरच्या मागे ठेवता येते आणि स्पीकरची तार छोटी राहते. हॉल ४० फुटांचा असता तर मीही हेच म्हटलं असतं. तुमच्याकडे रॅक दोन स्पीकरांच्या मध्ये आहे, तार ४ मीटर पुरते. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन रोध ०.०५६ ओहम. ३.४ ओहमच्या स्पीकरवर तो साधारण ०.१४ डेसिबल खातो. कानाला कळणार नाही. ४ चौरस मिलिमीटर घेतली तर आणखी निम्म्याच्या जवळ येतो, आणि महाराणी रोडवर विजेच्या सामानाच्या कुठल्याही चांगल्या दुकानात तशी तार मीटरवर मिळते. शुद्ध तांबं आहे का तेवढं बघा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार हलकी लागते आणि सुरीने खरवडली की आतून पांढरी दिसते.

उलट मोनोब्लॉक स्पीकरजवळ नेले की स्पीकरची तार छोटी होते, पण प्री-आउटपासून पॉवर ॲम्पपर्यंत सिग्नल नेणारी आरसीए तार लांबते. या लांब तारेने आवाज बिघडत नाही. ४ मीटरची धारिता ४०० पिकोफॅराडच्या आसपास, ती बहुतेक प्री-आउट सहज पेलतात. बिघडतं ते वेगळंच, आणि मोनोब्लॉक घेणाऱ्यांना सर्वांत जास्त त्रास तिथेच होतो: घूंऽऽ असा सतत आवाज.

हे नीट समजून घ्या. डावा मोनोब्लॉक डाव्या भिंतीच्या बोर्डात, उजवा उजव्या भिंतीच्या. दोन्हींना तीन पिनांचे प्लग, दोन्हींचं अर्थिंग वेगळ्या तारांनी फिरून मुख्य बोर्डाकडे जातं. दोन्हींच्या आरसीए तारांची बाहेरची धातूची जाळी प्री-आउटला एकत्र येते. झालं, हॉलभर पसरलेली तारेची एक मोठी कडी तयार झाली. घरातल्या विजेच्या तारांमुळे आणि दोन अर्थ-बिंदूंमधल्या फरकामुळे तिच्यात ५० हर्ट्झचा बारीक प्रवाह फिरतो आणि स्पीकरमध्ये गुणगुण येते. काळी एक पट्टीतल्या गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास आणि षड्ज १३९ च्या. गुणगुण ५० ची आणि तिच्या पटींची, म्हणजे १०० आणि १५० ची. तानपुऱ्याच्या अगदी शेजारी बसून ती त्याला बेसूर करते. रॉक संगीतात ती झाकली जाते. आलापात, जिथे दोन स्वरांमधली शांतताही ऐकायची असते, तिथे ती सहन होत नाही.

शोधायची पद्धत अशी. ॲम्प बंद करा, आरसीए तार पॉवर ॲम्पकडून काढा, मग ॲम्प चालू करा. घूं गेली तर दोष कडीचा. राहिली तर ॲम्पच्या आतला, आणि ती १०० हर्ट्झची खरखरीत भुणभुण असेल तर बहुधा फिल्टर कपॅसिटर थकलेले. ॲम्प चालू असताना आरसीए कधीही ओढू नका. तिच्यात मधली पिन शेवटी सुटते आणि जाळी आधी, त्या क्षणी स्पीकरला जबरदस्त दणका बसतो. कडी तोडायची तर दोन्ही पेट्या आणि प्री एकाच १६ अँपिअरच्या पॉइंटवरून, एकाच पट्टीवर घ्या. दोन्ही आरसीए तारा एकमेकींना चिकटून न्या. दोन्हीकडे एक्सएलआरची (तीन पिनांच्या संतुलित जोडणीची) सोय असेल तर तीच वापरा. तेवढ्याने नाही गेली तर लाइन पातळीचे १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन पेट्यांमधला तारेचा सरळ जोड तोडणारे) मधे घाला. काही कारागीर अर्थची पिन कापून देतात. घूं जाते हे खरं, पण उद्या आतली फेज तार पेटीला लागली तर ती पेटी हात लावणाऱ्याचा जीव घेईल. हे कुणालाही करू देऊ नका.

पेटी स्वतः, स्पीकर न जोडताही गुरगुरत असेल तर तो वेगळा प्रकार. मोठे गोल टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर विजेत थोडा डीसी मिसळला की कण्हतात. शेजारच्या खोलीत कुणी हेअर ड्रायर अर्ध्या वेगावर लावला की हे हमखास होतं. घरच्या इन्व्हर्टरवर, तो चौकोनी लाटेचा असेल तर, गुरगुर आणखी वाढते. ॲम्पचा पॉइंट इन्व्हर्टरच्या सर्किटवर ठेवू नकाच.

विजेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण घरात जुनं वायरिंग आहे असं प्रश्नात नंतर ओझरतं आलं आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. एक साधा मल्टीमीटर घ्या आणि जिथे ॲम्प लावणार त्या सॉकेटवर तीन मोजमापं घ्या, एकदा दुपारी आणि एकदा संध्याकाळी आठच्या सुमारास. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी, २३० च्या आसपास हवीत. तिसरं २ व्होल्टच्या आत. तिसरं ५-१० व्होल्ट दाखवत असेल तर अर्थिंग किंवा न्यूट्रल ढिला आहे. वायरमनला बोलावल्याशिवाय कुठलाही महाग ॲम्प लावू नका. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात कोरडी होऊन भेगाळते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. मार्च ते जून दर आठ-पंधरा दिवसांनी त्यात बादलीभर पाणी घालायची जुनी सवय पुन्हा लावा.

व्होल्टेज २३० चा २०० झाला की साध्या ॲम्पच्या आतला व्होल्टेजही १३ टक्क्यांनी उतरतो आणि कमाल वॉट साधारण पाऊणपट राहतात. ऐकायला हा फरक सव्वा डेसिबलचाच आहे, त्यासाठी घाबरून स्टॅबिलायझर घेऊ नका. २१० ते २४५ मध्ये राहत असेल तर सरळ भिंतीतून चालवा. त्याबाहेर जात असेल तर सर्व्हो प्रकारचा (मोटरने व्होल्टेज हळूहळू जुळवणारा) स्टॅबिलायझर घ्या, ॲम्पच्या कमाल ओढीच्या किमान दुप्पट व्हीएचा. रिले प्रकारचा टप्पा बदलताना टक् असा आवाज काढतो आणि तो कधी कधी स्पीकरमध्येही येतो.

नवा पॉइंट मुख्य बोर्डापासून स्वतंत्र ओढून घ्या: २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, १६ अँपिअरचं सॉकेट, १६ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी. काही घरांत बी-कर्व्ह लावलेले असतात. ते क्षमतेच्या ३ ते ५ पट प्रवाहाला तत्क्षणी पडतात, सी-कर्व्ह ५ ते १० पटीला. मोठा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर काही दशक अँपिअर ओढू शकतो. दोन मोनोब्लॉक एकाच बटणाने चालू केले की एमसीबी पडतो आणि लोक म्हणतात ॲम्प शॉर्ट आहे. शॉर्ट काही नसतं. दहा सेकंदांच्या अंतराने एकेक चालू करा, किंवा सॉफ्ट स्टार्ट (सुरुवातीचा प्रवाह आवरणारी सोय) असलेले घ्या. आणि पहिल्या पावसाच्या विजा कडाडू लागल्या की बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा.

उष्णतेचा विचार तर इंदूरला करायलाच हवा. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना हॉल ३४-३५ ला असतो. क्लास एबीचा (नेहमीच्या बांधणीचा) स्टिरिओ ॲम्प शांत बसूनही ४० ते ८० वॉट उष्णता सोडतो. शुद्ध क्लास ए (ज्याचे ट्रान्झिस्टर कधीच बंद होत नाहीत) ३० वॉटचा असला तरी २०० वॉटच्या आसपास सतत ओढतो, गाणं चालू असो वा नसो. रोज चार तास धरले तर महिन्याला २४ युनिट, आणि ती उष्णता बाहेर काढायला एसी वेगळा. क्लास डी १०-२० वॉटवर भागवतो. क्लास ए हवाच असेल तर मात्र मोनोब्लॉक हे योग्य उत्तर आहे, कारण उष्णता दोन पेट्यांत विभागते आणि कपॅसिटर वाचतात. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण अर्धं होतं. हीटसिंकवर तळहात पाच सेकंद टेकवता येत नसेल तर ती ५५ ते ६० अंशांच्या घरात आहे. वर नुसती चार बोटं नव्हे, चांगली वीतभर मोकळी जागा ठेवा, आणि बंद काचेच्या कपाटात तर ॲम्प अजिबात नको.

मोनोब्लॉक खरंच कधी घ्यावेत? स्पीकर ८४ डेसिबलच्या खालचे आणि ३ ओहमखाली घसरणारे असतील, हॉल मोठा असेल, स्पीकर रॅकपासून २०-२५ फूट लांब असतील, किंवा ज्या स्टिरिओ ॲम्पवर मन बसलं आहे तो ४० किलोचा असेल आणि घर लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर. वीस किलोच्या दोन पेट्या दोन माणसं सुखरूप चढवतात. हे कारण हसण्यावारी नेऊ नका, पाठीची दुखणी अशीच सुरू होतात. घेताना दोन्ही एकाच मॉडेलचे, एकाच आवृत्तीचे घ्या. वेगवेगळ्या ठिकाणी जुने एकेक मिळाले म्हणून जोडी जमवली तर गेनमध्ये (ॲम्प सिग्नल किती वाढवतो त्यात) एखाद्या डेसिबलचा फरक निघतो आणि गायक मधून सरकून एका बाजूला बसतो. तपासायला मोनो ध्वनिमुद्रण उत्तम. इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ १९७४ मध्ये गेले, त्यांची बरीचशी ध्वनिमुद्रणं मोनो आहेत. एचएमव्हीच्या जुन्या तबकड्यांवर ईसीएलपीने सुरू होणारे क्रमांक मोनोचे, ईएएसडीचे स्टिरिओचे. अमीर खाँचा मंद्र सप्तकातला आलाप लावा. आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध, एका बिंदूवर उभा राहिला पाहिजे. सरकला तर ॲम्प बंद करून स्पीकरच्या डाव्या-उजव्या तारा अदलाबदल करा. आवाजही दुसऱ्या बाजूला सरकला तर दोष ॲम्पमध्ये किंवा त्याच्या मागे, तिथेच राहिला तर स्पीकर किंवा खोली.

दुकानदार तिसरा पर्यायही सुचवेल: आज एक स्टिरिओ ॲम्प घ्या, पुढे दुसरा घेऊन दोन्ही ब्रिज करून (प्रत्येकाचे दोन चॅनेल जोडून एक करून) मोनोब्लॉक बनवा. तुमच्या स्पीकरांना हे करू नका. ब्रिजमध्ये आतला प्रत्येक चॅनेल स्पीकरचा अर्धाच रोध बघतो. ३.४ ओहमचा १.७ होतो, आणि बहुतेक ॲम्पचं संरक्षण सर्किट तिथे तोडतं किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. शिवाय ब्रिजमध्ये काळं टर्मिनलही जिवंत असतं. त्याला सबवूफरची काळी तार किंवा कुठलाही अर्थ लागला की शॉर्ट. दुसरा तसाच ॲम्प पुढे आलाच तर ब्रिज न करता एकेका स्पीकरला एकेक द्या, एक चॅनेल वूफरला, दुसरा ट्वीटरला. मात्र स्पीकरच्या मागच्या चार टर्मिनलांना जोडणाऱ्या पितळी पट्ट्या आधी काढा. त्या राहिल्या तर ॲम्पचे दोन आउटपुट एकमेकांवर आदळतात.

दुकानात तुलना करताना आवाज सारखा करून घेण्याचा आग्रह धरा. एखाद्या डेसिबलने मोठा वाजणारा ॲम्प नेहमीच जास्त भरदार वाटतो, आणि विकणाऱ्याला हे ठाऊक असतं. फोनवरून २०० हर्ट्झचा शुद्ध स्वर वाजवा, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटर एसीला लावा, दोन्ही ॲम्पवर २.०० व्होल्ट येतील असा व्हॉल्यूम लावा. १-२ टक्क्यांचा फरक चालेल. साधे मल्टीमीटर वरच्या स्वरांना चुकतात, म्हणून २०० हर्ट्झच. त्याच वेळी मीटर डीसी मिलिव्होल्टला नेऊन गाणं बंद असताना मोजा: ३० च्या आत उत्तम, १०० च्या वर असेल तर तो नग परत.

आता जुना इंटिग्रेटेड. तो विकू नका, प्री म्हणून वापरा. नव्या पॉवर ॲम्पची इनपुट संवेदनशीलता बघा. २६ डेसिबल गेनच्या ॲम्पला १०० वॉटसाठी १.४ व्होल्ट लागतात, २९ च्या ॲम्पला एकच. तुमच्या प्री-आउटला तेवढे देता आले पाहिजेत, माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. चालू करताना इंटिग्रेटेड आधी आणि पॉवर ॲम्प शेवटी, बंद करताना उलट. इंटिग्रेटेडचे स्पीकर टर्मिनल रिकामे राहिले तरी तो ट्रान्झिस्टरचा असल्याने काही होत नाही. आणि मागच्या बाजूला प्री-आउट व मेन-इन यांना जोडणाऱ्या वाकड्या धातूच्या दोन क्लिपा असतील तर त्या काढून पेटीत सांभाळून ठेवा. नवा ॲम्प कधी दुरुस्तीला गेला तर त्या परत लावल्याशिवाय जुना बोलणार नाही.